'प्रतीकात्मक' म्हणजे 'अस्सल नसलेले' का?

प्रश्न असा आहे : बातमीतल्या फोटोखाली 'प्रतीकात्मक छायाचित्र' असे छापलेले असते, म्हणजे तो फोटो त्या घटनेचा नसतो. चित्रकलेत मात्र एखाद्या चित्राला 'प्रतीकात्मक' म्हटले की तो गुण ठरतो. मग 'प्रतीकात्मक' हा 'अस्सल'च्या विरुद्धार्थी शब्द मानायचा का?

मानू नये. फोटोखालच्या त्या ओळीने या शब्दाचे नुकसान केले आहे असे मला मनापासून वाटते. पुराच्या बातमीला दुसऱ्याच पुराचा फोटो लावला, तर तो कशाचेही प्रतीक नसतो, त्या प्रकारच्या प्रसंगाचा नमुना असतो. तिथे 'प्रातिनिधिक' हा शब्द हवा, आणि फोटो जुना असेल तर 'संग्रहित'. दोन्ही शब्द वापरात आहेत आणि वाचकाला नीट कळतात.

'प्रतीक' हा फार सुंदर शब्द आहे. संस्कृतात त्याचा एक अर्थ 'अंग, भाग' असा आहे. जुन्या ग्रंथांवर टीका, म्हणजे भाष्य, लिहिणारे श्लोकाचे पहिले एक-दोन शब्दच लिहितात, त्यांना 'प्रतीक' म्हणतात. तेवढ्यावरून वाचकाने अख्खा श्लोक आठवायचा. भाग दाखवायचा आणि त्यातून पूर्ण गोष्ट उभी करायची, हे काम चित्रातले प्रतीकही करते. म्हणून प्रतीकाला ती पूर्ण गोष्ट आधीपासून ठाऊक असलेला कुणीतरी समोर लागतो. श्लोक पाठच नसेल, तर ते दोन शब्द नुसते दोन शब्द राहतात.

पिकासोचे 1949 सालचे कबुतर घ्या. चित्रकार माटिसने भेट दिलेल्या एका पक्ष्याचा तो लिथोग्राफ, म्हणजे दगडी छापाचा ठसा, अगदी पायांवरच्या पिसांसकट. त्याच वर्षी तो पॅरिसच्या शांतता परिषदेच्या पोस्टरवर आला आणि कबुतर शांततेचे प्रतीक म्हणून जगभर पोचले. आता पोस्टर ही छापील प्रत. पिकासोने सही केलेला ठसा अस्सल, भिंतीवरचे पोस्टर तसे नव्हे. पण पोस्टरवरच्या कबुतराची शांतता काही कमी होत नाही. प्रतीक नकलेतही पूर्णच्या पूर्ण उतरते, अस्सलपणा उतरत नाही. एका शब्दाचा संबंध अर्थाशी, दुसऱ्याचा उगमाशी. म्हणून 'हे प्रतीक अस्सल आहे' हे वाक्य मला खटकते. प्रतीक समर्पक असेल, झिजलेले असेल, ओढूनताणून आणलेले असेल. अस्सल असते ते चित्र.

'अस्सल' शब्दाच्या पोटात अरबी 'अस्ल' आहे, म्हणजे मूळ, बुंधा. म्हणजे 'मूळ' आणि 'अस्सल' अर्थाने सख्खे भाऊच. दोघांच्या वाटा मराठीत वेगळ्या झाल्या. 'मूळ' म्हणजे आधीचे, पहिले. 'अस्सल' म्हणजे ज्याचे म्हणून सांगितले जाते त्याचेच असलेले, भेसळ नसलेले. दफ्तरी भाषेत 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा असे, त्यात ही जोडी शेजारी शेजारी बसलेली दिसते. नक्कल तिथे बदनाम नाही. ती अस्सलाशी तंतोतंत जुळते, एवढीच ग्वाही आहे.

'बनावट' मात्र वेगळी. हान फान मेगेरेन या चित्रकाराने काढलेले एक चित्र 1937 साली रॉटरडॅमच्या संग्रहालयासाठी व्हर्मीर या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराचे म्हणून घेतले गेले. त्याने 1945 मध्ये स्वतःच कबुली दिली. या चित्राला पुष्कळ जण 'नक्कल' म्हणतात, ते चुकीचे आहे. व्हर्मीरच्या कोणत्याही एका चित्रावरून ते उतरवलेले नव्हते. रचना मेगेरेनची होती, नाव तेवढे परक्याचे. त्याला 'बनावट' हाच शब्द. येशू, ब्रेड, जेवणाचे टेबल ही त्यातली प्रतीके कबुलीच्या आदल्या दिवशी होती तीच दुसऱ्या दिवशीही होती.

'अस्सल'ला 'प्रामाणिक' हा पर्याय काही जण सुचवतात. 'प्रमाणाने सिद्ध' या जुन्या अर्थाने तो बरोबर आहे, पण आज 'प्रामाणिक चित्र' म्हटले की चित्रकाराच्या सच्चेपणाकडेच लक्ष जाते.

राहिली 'मूळ' आणि 'अस्सल' यांची फारकत. कलावंत मार्सेल द्युशाँने 1917 साली 'फाउंटन' या नावाने कलाकृती म्हणून मांडलेले मूत्रपात्र लवकरच हरवले. संग्रहालयांत दिसतात त्यांतल्या बऱ्याच प्रती 1964 साली त्याच्या संमतीने केलेल्या आहेत. त्यांना 'मूळ' म्हणता येत नाही आणि 'बनावट' तर नाहीच. मी 'अधिकृत प्रतिकृती' लिहीन, आणि त्या अस्सल आहेत का असे कुणी विचारले तर हो म्हणेन.