नुसत्या वाऱ्याने तलावातला फॉस्फरस कसा वाढतो?

बाहेरून काहीच आलं नाही तरी वादळानंतर फॉस्फरस का वाढतो असं विचारलंय, तर तो माल आधीच तळाच्या गाळात पडलेला असतो, वर्षानुवर्षं शेतांतून, गोठ्यांतून वाहून आलेला. लाटेची हालचाल साधारण तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोचते, म्हणजे दोन माथ्यांमधलं अंतर ६ मीटर असेल तर ३ मीटर खाली, त्यामुळे खोल तलावात तळाला पत्ताही लागत नाही पण उथळ तलाव अख्खा ढवळून निघतो, चहातली पावडर खाली बसलेली असते आणि आपण चमचा फिरवतो तसं.

फ्लोरिडाचा ओकीचोबी तलाव बघा. साधारण १,९०० चौरस किमी पसरलेला आणि सरासरी खोली जेमतेम ३ मीटर! २००४ मध्ये फ्रान्सिस आणि जीन, २००५ मध्ये विल्मा ही चक्रीवादळं आली आणि मधला मऊ चिखल उसळून पाणी गढूळ झालं, फॉस्फरस चढला.

गाळाच्या कणांमधल्या फटीत जे पाणी अडकलेलं असतं त्यात विरघळलेला फॉस्फरस आणि अमोनिया भरपूर असतो, तो लगेच वर येतो. कणांना चिकटलेला मात्र सगळा सुटत नाही बरं का, कारण पाण्यात ऑक्सिजन असला की लोखंडाचे कण फॉस्फरस परत पकडतात आणि वारा पडल्यावर त्याला घेऊन खाली बसतात. या फॉस्फरसवर पोसणारं शेवाळही लगेच येईलच असं नाही, गढूळपणामुळे ऊन आत जात नाही, पाणी निवळलं की मग मात्र त्याची चैन.