भूत नाकारणाऱ्यांनी विज्ञानकथेचं मंडळ काढावं का, आणि ते कसं चालवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणीत तुम्ही सात-आठ जण अंधश्रद्धेविरोधात काम करता. सगळ्यांना विज्ञानकथांचं वेड आहे आणि महिन्यातून एकदा जमून वाचावं असं मनात आहे. पण ओळखीचे लोक म्हणतात, ‘भुताला नाही म्हणता आणि परग्रहवासी मात्र मिटक्या मारत वाचता.’ यावर काय सांगायचं, आणि मंडळ टिकवायचं कसं?

मंडळ जरूर काढा. टोमण्याचं उत्तर शाळेच्या भूमितीत आहे. सिद्धता लिहिताना आपण ‘समजा’ म्हणतो आणि एक गोष्ट गृहीत धरतो. त्यानंतर मात्र प्रत्येक पायरीला कारण द्यावं लागतं. विज्ञानकथाकार तेच करतो. एक ‘समजा’ उघडपणे मागून घेतो, पुढचा हिशोब चोख ठेवतो. भगत ‘समजा’ म्हणत नाही. तो ‘आहे’ म्हणतो आणि वर नारळ, कोंबडं, पैसे मागतो. तीच कल्पना ‘समजा’ गळून पडला की भोंदूगिरी होते. तुमच्या मंडळाने राखायची गोष्ट हीच.

आणि ती आपोआप राखली जात नाही. विज्ञानकथा वाचणारा माणूस चिकित्सकच असतो, हा समज आधी काढून टाका. जॉन कॅम्पबेल हे १९३७ पासून ‘अस्टाउंडिंग’ या अमेरिकी मासिकाचे संपादक होते. कथेतलं विज्ञान पक्कं हवं असा आग्रह धरणारे, असिमोव्हसारख्या लेखकांना घडवणारे. त्याच मासिकाच्या मे १९५० च्या अंकात त्यांनी रॉन हबर्ड यांचा ‘डायनेटिक्स’वरचा लेख मोठ्या उत्साहाने छापला. मनाचे आणि शरीराचे आजार घालवण्याचा तो दावा होता, पुरावा काही नाही. पुढे ते अतींद्रिय शक्तींच्या आणि न्यूटनचा तिसरा नियम मोडणाऱ्या यंत्राच्याही मागे लागले. दुसरीकडे, १९७६ मध्ये अलौकिक दाव्यांची तपासणी करणारी समिती अमेरिकेत उभी राहिली, तेव्हा संस्थापकांत कार्ल सेगन यांच्यासोबत आयझॅक असिमोव्ह होते. वाचन एकच, वळणं दोन. फरक पडतो तो कथा मिटल्यावर आपण काय करतो त्याने.

आपल्याकडे याचं सर्वांत चांगलं उदाहरण जयंत नारळीकर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ला पहिलं बक्षीस मिळालं, तो लेखक तेच. त्याच नारळीकरांनी २००८ मध्ये नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या, त्यांतल्या ४० कुंडल्या प्रत्येक ज्योतिषाला देऊन कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपासच आलं असतं. टोमणा मारणाऱ्याला हे सांगा.

आता मंडळ कसं चालवायचं. माणसं ८ ते १२ ठेवा. १५ च्या वर गेली की दोघेतिघेच बोलतात आणि बाकीचे मोबाइल काढतात. वेळ दीड तास, त्याहून जास्त नाही. मोठ्याने वाचताना मिनिटाला ११०-१२० शब्द होतात, म्हणजे ३५ मिनिटांत ४,००० शब्दांची कथा संपते. तेवढ्याच लांबीची कथा निवडा. ‘घरी वाचून या’ असं ठरवाल तर तिसऱ्या बैठकीपासून निम्मे लोक न वाचता येतील आणि ते न वाचल्याच्या संकोचाने येणंच सोडतील. एकाने एकाच प्रतीतून वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. झेरॉक्सचा खर्च आणि कॉपीराइटचा प्रश्न दोन्ही मिटतात. जुने दिवाळी अंक वाचनालयात पडून असतात, तिथून सुरुवात करा. जागा शाळेची प्रयोगशाळा मिळाली तर उत्तम, कारण फळा लागतोच. मे महिन्यात दुपारी बैठक ठेवू नका आणि पेरणीच्या तोंडावर, म्हणजे जून-जुलैत, गावाकडचे सभासद येणार नाहीत हे धरून चला.

सगळ्यात जास्त मंडळं एका कारणाने मोडतात: चुका काढण्याची शर्यत. चिकित्सेची सवय असलेले लोक तिसऱ्या वाक्यालाच हात वर करतात, ‘पोकळीत स्फोटाचा आवाज कसा येईल?’ मुद्दा बरोबर असतो, पण कथा तिथेच मरते आणि नवा माणूस परत येत नाही. म्हणून नियम करा की वाचन चालू असताना आक्षेप फक्त कागदावर लिहायचा. वाचन संपल्यावर पहिली १० मिनिटं कथेबद्दल बोलायचं, माणसं पटली का, शेवट पटला का. त्यानंतर फळ्यावर लेखकाचा ‘समजा’ एका वाक्यात लिहायचा. हे वाक्य ठरवायलाच सगळ्यांत जास्त वाद होतो आणि तो होऊ द्यावा, बैठकीचा खरा ऐवज तोच. मग आक्षेप तपासायचे. जो आक्षेप ‘समजा’वरच आहे तो बाद, कालप्रवासाच्या कथेत ‘कालप्रवास अशक्य आहे’ म्हणण्यात हशील नाही. जो आक्षेप पुढच्या हिशोबावर आहे तो घ्यायचा. मंगळावरचा नायक पृथ्वीवरच्या बायकोशी फोनवर भांडतो आणि ती लगेच उत्तर देते, तर ती खरी चूक. दोन ग्रहांमधल्या अंतराप्रमाणे संदेश एका बाजूने जायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात.

दर बैठकीला एक तरी हिशोब फळ्यावर करा. आपल्या भागातला निवडा. वेरूळचं कैलास लेणं घ्या. ‘इतका खडक त्या काळी माणसांना फोडणं शक्यच नव्हतं, हे परग्रहवासीयांचं काम’ असे व्हिडिओ तुमच्या सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेले असतील. ही एका चांगल्या विज्ञानकथेची कल्पना आहे, फक्त तिचा ‘समजा’ चोरीला गेला आहे. तो परत आणायचा तर खडक मोजावा लागेल.

परभणीहून रेल्वेने संभाजीनगर, तिथून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर. मंगळवारी लेणी बंद असतात. १६ क्रमांकाच्या, म्हणजे कैलास लेण्याचा खोदलेला चौक पावलांनी मोजा. लांबी सुमारे ८४ मीटर आणि रुंदी ४७ मीटर भरायला हवी. मागच्या भिंतीची उंची काढायला भिंतीच्या पायथ्याशी एका सभासदाला उभं करून लांबून फोटो घ्या आणि त्याची उंची भिंतीत किती वेळा बसते ते मोजा. माणूस १.७ मीटरचा धरला तर साधारण १९-२० वेळा, म्हणजे ३३ मीटर. इथे नेहमीची चूक अशी होते की मोबाइल वर तिरका करून फोटो काढतात. तिरक्या फोटोत वरचा भाग आखडतो आणि उंची कमी भरते. मोबाइल सरळ उभा धरा.

डोंगर मागे उंच आणि पुढे उतरता आहे, म्हणून सरासरी खोली निम्मी, १६.५ मीटर धरू. ८४ गुणिले ४७ गुणिले १६.५ म्हणजे सुमारे ६५,००० घनमीटर. मधलं मंदिर तर खडकातच राहिलं आहे, ते आपण वजा केलेलं नाही. म्हणजे आकडा आपल्या विरुद्ध बाजूला झुकता धरला. बेसॉल्ट घनमीटरला २.९ टन. एकूण सुमारे १.९ लाख टन. आता व्हिडिओवाले सांगतात ती १८ वर्षंच घेऊ, वर्षाला कामाचे ३०० दिवस, म्हणजे ५,४०० दिवस. रोजचे ३५ टन, म्हणजे १२ घनमीटर.

एका पाथरवटाने छिन्नी-हातोड्याने दिवसाला ०.०५ घनमीटर, म्हणजे साधारण १४५ किलो खडक काढला असं धरा. हा आपला अंदाज आहे. तो तपासायला वडार समाजातल्या दगडकामात आयुष्य गेलेल्या माणसाला बैठकीला बोलवा आणि मानाने बसवून विचारा. पुस्तकात नाही ते त्यांच्या हातात असतं. या अंदाजाने खोदणारे २४० लोक लागतात. निम्माच वेग धरला तर ४८०. राडारोडा वाहणारे आणि छिन्न्यांना धार लावणारे तेवढेच आणखी धरा, तरी आकडा हजाराच्या आत राहतो. एवढी माणसं चौकात मावतील का? क्षेत्रफळ सुमारे ३,९५० चौरस मीटर. ४८० जण एकाच वेळी खोदत असले तरी प्रत्येकाला ८ चौरस मीटर जागा मिळते. आठव्या शतकातल्या राष्ट्रकूटांच्या, कृष्ण पहिल्याच्या राज्याला एवढे कारागीर पोसणं जड नव्हतं. लेणं वरून खाली खोदल्यामुळे परांची बांधायची गरजही फारशी पडली नाही. अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं अपुरं लेणं बघा, काम कसकसं पुढे सरकायचं ते तिथे थांबलेलं दिसतं.

मला वाटतं, असा हिशोब केल्यावर त्या कारागिरांबद्दलचा आदर वाढतो. परग्रहवासीयांच्या गोष्टीत पहिला अपमान त्यांचाच होतो. आता हवं तर परग्रहवासी आणून कथा खुशाल लिहा, पण लेणं खोदायला त्यांची गरज नाही हे ठाऊक असताना ते वेरूळला का आले, याचं कारण लेखकाला शोधावं लागेल. ती कथा जास्त चांगली होईल.

दुसरा हिशोब पाण्याचा, हा आपल्याकडे कुणालाही कळतो. हवेतून पाणी काढणारं यंत्र विज्ञानकथेत वारंवार येतं. लातूरला एप्रिल २०१६ पासून मिरजेहून रेल्वेने पाणी आलं; ५० वाघिणींची गाडी एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर आणायची. तेवढं पाणी हवेतून काढायचं तर? उन्हाळ्यात ३५ अंश तापमान आणि ३० टक्के आर्द्रता असेल तेव्हा घनमीटरभर हवेत जेमतेम १२ ग्रॅम वाफ असते. त्यातली निम्मी काढायला हवा ३-४ अंशांपर्यंत थंड करावी लागते. लिटरभर पाण्याला १६७ घनमीटर हवा, गाडीभर पाण्याला सुमारे ४२ कोटी घनमीटर. म्हणजे एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद आणि ४२० मीटर उंच हवेचा ठोकळा.

विजेच्या हिशोबात बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. वाफेचं पाणी होताना लिटरमागे सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते, एवढंच ते धरतात. पण ती सगळी कोरडी हवाही थंड करावी लागते, आणि तिची उष्णता सुमारे ६,००० किलोज्यूल आहे. दोन्ही मिळून ८,४०० किलोज्यूल. शीतयंत्र एक युनिट विजेत तीन युनिट उष्णता उपसतं असं धरलं, तर लिटरला पाऊण युनिटाच्या वर वीज, आणि गाडीमागे जवळपास २० लाख युनिट. हुशार लेखक इथे म्हणेल की बाहेर जाणाऱ्या गार हवेनेच आत येणारी हवा थंड करू. बरोबर आहे, आकडा बराच खाली येतो. अशी पळवाट सभासदाला स्वतः सुचली की बैठक जमली म्हणायची.

हिंगोलीचाही विषय घ्या. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशात उठणारे अतिसूक्ष्म तरंग, टिपणारी वेधशाळा होणार आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये २,६०० कोटींची मंजुरी दिली. अशा यंत्राने भुजेच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका फरकही टिपता येतो. अमेरिकेतल्या लायगोने सप्टेंबर २०१५ मध्ये दोन कृष्णविवरांच्या मिलनाची लहर पकडली. त्या घटनेचं अंतर १३० कोटी प्रकाशवर्षं. एवढ्या मोठ्या यंत्राभोवती अफवा उठायच्या आत तुमच्या मंडळाने त्यावर दोन बैठका घेतलेल्या बऱ्या.

डिसेंबर-जानेवारीत एक बैठक हुरड्याला शेतात ठेवा. आकाश स्वच्छ असतं, मृग नक्षत्र वर आलेलं असतं. व्याधाचा प्रकाश ८.६ वर्षांपूर्वी निघालेला. रोहिणीचा सुमारे ६५ वर्षांपूर्वी, म्हणजे महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हा. आगटीपासून निदान शंभर पावलं दूर उभे राहा आणि मोबाइल खिशात ठेवा. डोळे अंधाराला सरावायला २० मिनिटं लागतात आणि एकदा स्क्रीन पाहिली की पुन्हा पहिल्यापासून. नवे लोक सगळ्यांत जास्त याच बैठकीतून मिळतात. त्यात देवाधर्माचं करणारेही असतील. त्यांच्या श्रद्धेवर तिथे बोलू नका. दाव्यावर बोला, माणसावर नको.

वर्षभराने सभासद स्वतः लिहू लागतील. तेव्हा कथा एकाच्या हातात द्या, त्याने लेखकाचं नाव काढून वाचून दाखवावी. नाव कळलं की शिक्षकाच्या कथेला कुणी बोलत नाही आणि कॉलेजातल्या पोराच्या कथेवर सगळे तुटून पडतात. नारळीकरांनीही ‘कृष्णविवर’ स्पर्धेला स्वतःच्या नावाने पाठवली नव्हती. आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ असं नाव घेतलं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला पाठवण्याआधी तुमच्या मंडळात प्रत्येक कथा अशी एकदा निनावी वाचली जाऊ द्या, आणि ‘समजा’चं वाक्य फळ्यावर लेखकाला नव्हे, ऐकणाऱ्यांना लिहू द्या. तिघांनी तीन वेगळी वाक्यं लिहिली, तर कथा अजून पाठवण्याजोगी झालेली नाही.