लेकराच्या हाती काय द्यावं?

वाचकांचे प्रश्न, मावशीची उत्तरं

प्रश्न: मावशी, आम्ही दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात राहतो. मुलगा दीड वर्षाचा आहे. सध्या कापसाची वेचणी सुरू आहे. सासूबाई आणि हे सकाळीच वावरात जातात, घरी मी आणि तो. मी स्वयंपाकाला बसले की पायाला बिलगून रडतो. मोबाईल दिला की गप्प, काढून घेतला की डोकं आपटतो. खेळणी लगेच फेकून देतो. अंगणवाडीत तीन वर्षांच्या आत बसवून घेत नाहीत. घरच्या घरी त्याला कशात गुंतवू?

उत्तर: बाई, तुझ्या पोराचं खेळण्यांशी भांडण नाही. त्याला तुझं काम पाहिजे. तू कणिक मळतेस, डबे उघडतेस, गंजात पाणी ओततेस. घरातली सगळी मजा तुझ्या हातात आणि त्याच्या वाट्याला बाजारातली मोटार, जी एकदा फिरली की संपली. मी अंगणवाडीत होते तेव्हाही हेच चालायचं. पेटीतली खेळणी तशीच पडून आणि सगळे पोट्टे खिचडीच्या गंजाभोवती.

तेव्हा त्याला कामातून हाकलू नको, कामातला वाटा दे. चूल पेटवण्याआधी त्याची जागा ठरव. भिंतीशी पोतं अंथर, चुलीपासून चांगलं दूर, आणि चुलीच्या आणि त्याच्या मध्ये तू बस. मळलेल्या कणकेतला लिंबाएवढा गोळा त्याला दे, सोबत एक वाटी आणि जुना चमचा. तो दाबेल, थापेल, चाटेल. थोडी कच्ची कणिक जिभेला लागली तर घाबरू नको, पण गोळाच तोंडात कोंबायला लागला तर काढून घे. काही जणी कणिक टिकावी म्हणून तिच्यात मूठभर मीठ घालतात. इतक्या लहान लेकरासाठी ते करू नको, एवढं मीठ पोटात गेलेलं वाईट. साधी कणिक दे आणि खेळ झाला की कोंबड्यांना टाक.

कांदे-बटाटे तर फारच कामाचे. दोन टोपली घे, एकात दहा-बारा बटाटे ठेव आणि दुसरं रिकामं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. तुला वाटेल यात काय आहे, पण या वयात भरणं आणि रिकामं करणं यासारखं सुख नाही. लाटणं उभं धरून त्यात तुझ्या जुन्या धातूच्या बांगड्या एकेक टाकायला शिकव. काचेच्या अजिबात नको. आधी तू टाक, काही न बोलता. त्याची बांगडी बाहेर पडली तरी लगेच हात धरून दुरुस्त करायला जाऊ नको.

स्वयंपाक आटोपला, चूल विझली, की पाणी. परातीत दोन बोटं पाणी, एक गाळणी, एक गडवा, एक फडकं. त्याला ‘धुणं’ धुऊ दे. तुझ्या नवऱ्याचा दाढीचा जुना ब्रश असेल तर स्वच्छ धुऊन त्याच्या हाती दे आणि ओसरीची भिंत पाण्यानं रंगवायला सांग. ऊन असलं की भिंत वाळते आणि गडी पुन्हा कामाला लागतो. खर्च शून्य, पसारा शून्य. माझ्या मते साऱ्या खेळांत हा राजा. मात्र पाण्याचा खेळ सुरू असताना तू तिथून हलायचं नाही, शेजारीण हाक मारो की फोन वाजो. लहान लेकरू चार बोटं पाण्यातही बुडतं. खेळ संपला की परात उपडी करायची आणि बकेट, टाकं झाकून ठेवायचं.

आता काय देऊ नये ते नीट वाच. तुरीचे दाणे, हरभरे, शेंगदाणे, चिंचोके, सरकी, बटणं यातलं काही नको. तीन वर्षांच्या आतलं लेकरू हे तोंडात घालतं, नाकात कोंबतं. शेंगदाणा श्वासनळीत अडकला तर गावातून दवाखान्यात पोचेपर्यंत काय होईल सांगता येत नाही, आणि नाकात गेलेला हरभरा ओलाव्यानं फुगतो. भांड्यात दाणे ओतायचा खेळ मोबाईलवर फार सुंदर दिसतो, तो पाहून भुलू नको. पेरणीची सरकी तर औषध लावून रंगवलेली असते. फवारणीचे रिकामे डबे धुऊनसुद्धा खेळायला द्यायचे नाहीत. औषधाची बाधा काय करते हे आपल्या यवतमाळ जिल्ह्यानं २०१७ साली फवारणी करणाऱ्या धडधाकट माणसांच्या बाबतीत पाहिलं आहे.

मोबाईलचं म्हणशील तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं की वर्षाच्या लेकराला पडदा दाखवूच नये, आणि दोन वर्षांनंतरही दिवसाला तासाच्या आत, जितका कमी तितका बरा. तुझ्या घरात मात्र नियमापेक्षा फोनची जागा महत्त्वाची. तो दिसला की रडणार, म्हणून चार्जिंग कपाटात लाव. सुरुवातीला रडारड वाढेल. अशा वेळी त्याला ओरडू नको, डोकं आपटलं तर लागू नये म्हणून खाली पोतं-गोधडी सरकव, जवळ बस आणि रडणं ओसरलं की परातीकडे घेऊन जा. एक मात्र घरात सगळ्यांनी ठरवून घ्या. दिवसभर तू फोन लपवायचा आणि सांजच्याला बापानं मांडीवर घेऊन दाखवायचा, असं केलंस तर सगळं पाण्यात.

आणि एका वेळी एकच वस्तू. बाकीचं उचलून वर ठेव, चार दिवसांनी काढलं की त्याला ते नवंच वाटतं. एका खेळात तो थोडा वेळच रमेल, तासभर नाही. तेवढ्यात भाजी फोडणीला पडली तरी पुष्कळ झालं.

प्रश्न: नात अडीच वर्षांची आहे. मुलगा-सून मजुरीला जातात, ती माझ्याजवळ असते. माझे गुडघे दुखतात, तिच्यामागे धावणं होत नाही. शहरातले पाहुणे म्हणतात, बुद्धी वाढवणारी महागडी खेळणी मागवा. मागवू का? — एक आजोबा, वाशीम जिल्हा

उत्तर: भाऊ, पैसे राहू द्या. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी गावी खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा माँटेसरी शिक्षणपद्धतीची परदेशी साधनं गरिबांना परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी आसपासच्या वस्तू हाती घेतल्या. तुमच्याकडे अंगण आहे, तेवढं भांडवल पुरतं.

तुम्ही खाटेवर बसा आणि तिला कामं सांगा. ‘निंबाचं पान आण. आता त्याहून मोठं आण.’ धावेल ती, तुम्ही नाही. खर्ड्याचा, म्हणजे पुठ्ठ्याचा, खोका मिळाला तर त्याची बंडी, म्हणजे बैलगाडी, करा. ओढायची दोरी वीतभरच ठेवा, लांब दोरी गळ्याला अडकते. खोक्याच्या पिना आधी उपसून टाका. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घरात असेलच, तो या बंडीला जुंपा. रंगाचे पोपडे निघत असतील तर मात्र आधी पॉलिश पेपरनं घासून, धुऊन घ्या, आणि ते घासायचं काम ती झोपलेली असताना, अंगणाबाहेर करा.