डोकं कुठे ठेवलं होतंस?

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले रायफलच्या पाचही टार्गेटचे फोटो मोठे करून पाहिले. पहिल्यावर पाच गोळ्यांचा ग्रूप अंगठ्याच्या नखाखाली झाकला जाईल एवढा. दुसऱ्यावरही तेवढाच, फक्त बोटभर उजवीकडे. मग तू स्कोपच्या (रायफलवरच्या दुर्बिणीच्या) नेमाचं बटण, म्हणजे टरेट, सहा क्लिक डावीकडे फिरवलंस आणि तिसऱ्यावर ग्रूप मधोमध न येता डाव्या अंगाला गेला. पुढचं तुला माहीतच आहे. 'इथल्या क्लबाचा स्कोप बिघडलाय' असं तू लिहितेस. माउंटचे (स्कोप रायफलला धरून ठेवणाऱ्या पकडीचे) स्क्रू तिथल्या जाणत्या माणसाकडून एकदा तपासून घे, म्हणजे ती शंका जाईल. पण स्कोप ढिला असता तर बहुधा एकाच कागदावर गोळ्या पसरल्या असत्या. तुझा प्रत्येक ग्रूप घट्ट आहे, आणि तो जागा बदलतो ते तू उठून पुन्हा आडवी झाल्यावरच.

इथे तू पीप साइटवर, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायला, शिकलीस. पीपमध्ये डोकं केसभर सरकलं की वर्तुळं एकमेकांत बसत नाहीत, लगेच चुगली करतात. स्कोप चुगली करत नाही. डोळा मधोमध नसला तरी क्रॉस (स्कोपमधली नेमाची फुली) टार्गेटवर अगदी छान बसलेला दिसतो आणि गोळी दुसरीकडे जाते. हाच पॅरालॅक्स. ४० मिलिमीटर भिंगाचा स्कोप १०० यार्डांसाठी जुळवलेला असेल आणि तू ५० मीटरवर मारत असशील, तर डोळा अगदी कडेला गेल्यावर सुमारे ९ मिलिमीटरची चूक होऊ शकते. ५० मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचं मधलं वर्तुळच १०.४ मिलिमीटरचं असतं, हे लक्षात घे.

म्हणून आधी रायफल रेस्टवर (टेकूवर) ठेव, तिला हात न लावता डोकं वर-खाली, डावी-उजवीकडे हलव. क्रॉस टार्गेटवर पोहताना दिसला तर पॅरालॅक्सची चकती फिरवत तो थांबेपर्यंत जुळव. चकतीवरच्या आकड्यांवर विसंबू नकोस. क्रॉस स्वतः धूसर दिसत असेल तर तो डोळ्याजवळच्या कड्याने, मोकळ्या आभाळाकडे पाहून आधी स्पष्ट करून घे. ही दोन कामं वेगळी आहेत. नवी मुलं हमखास त्यांची गल्लत करतात.

मग गाल. गाल चीकपीसवर (दस्त्यावरच्या गालाच्या टेकूवर) टेकव, ओढून धरू नकोस, मानेचं वजन सोडून दे. डोळा किंचित मागे घेतलास की कडेने काळी सावली दिसते. ती चारी बाजूंनी सारखी झाली की डोळा मधोमध आला. तुझं पीप हेच समज.

आडवी झाल्यावर डोळे मिट, दोन श्वास घे, उघड. क्रॉस कुठे थांबलाय? दहापासून बाजूला असेल तर हाताने ढकलून आणू नकोस. डावं कोपर जागेवर ठेवून कंबर सरकव. ढकलून आणलेली रायफल ट्रिगर सुटताना आपल्या मूळ जागी परत जाते, आणि दर वेळी सारखीच जाईल असंही नाही.

एकदा राज्य स्पर्धेत माझ्या गोळ्या खाली जायला लागल्या. मी क्लिक देत सुटलो. वीस गोळ्या वाया गेल्यावर कळलं, दंडावरचा स्लिंग (रायफल हाताशी बांधणारा पट्टा) घसरला होता. तेव्हापासून पाच गोळ्यांचा ग्रूप पाहिल्याशिवाय मी टरेटला हात लावत नाही. तूही लावू नकोस. ५० मीटरवर पाव मिनिटाची (हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग) एक क्लिक म्हणजे जेमतेम साडेतीन मिलिमीटर. एका सरकलेल्या ग्रूपच्या मागे सहा क्लिक फिरवणं म्हणजे मूळ झिरो, म्हणजे आधी जुळवलेला नेम, हरवणं.

स्कोपचं मॅग्निफिकेशन २४ पटीवर ठेवतेस ते १० पटीवर आण. चोविसावर नाडीचा ठोकासुद्धा दिसतो, मग क्रॉस दहाच्या वर्तुळावरून जाताना बोट झटका देतं. हलू दे त्याला. दाब सावकाश वाढव, गोळी सुटल्यावरही ट्रिगर मागेच धरून ठेव, आणि कागदाकडे पाहण्याआधी मनात सांग, 'दोन वाजता, नऊ', म्हणजे घड्याळातल्या दोनच्या दिशेला, नऊ गुण. पॉइंट टू टूची (०.२२ इंची) गोळी ५० मीटर जायला सेकंदाचा सहावा भाग घेते. नळी सोडल्यावर ती तुझ्या हातात नसते, पण तोवर हात स्थिर राहायचा तर त्याला नंतरही स्थिर राहायची सवय हवी.

आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनी २०१० मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये (आडवं पडून मारायच्या प्रकारात) ६०० पैकी ५९७ गुण घेऊन जागतिक अजिंक्यपद मिळवलं. साठ गोळ्यांत तीन गुण गेले. साठ वेळा तोच गाल, तोच श्वास, तेच बोट.

काडतुसं एकाच लॉटची घे. ब्रँड बदललास तर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नकोस. कोरडा सराव (गोळी न भरता ट्रिगर दाबणं) करण्याआधी मात्र क्लबात विचार. काही पॉइंट टू टू रायफलींची पिन रिकाम्या चेंबरवर आपटून खराब होते.

आता काम. पुढच्या वेळी पाच टार्गेट मार, प्रत्येकानंतर उठ, पुन्हा आडवी हो, एकही क्लिक देऊ नकोस. प्रत्येक कागदाच्या मागे लिही, सावली कोणत्या बाजूला होती. फोटो दोन्ही बाजूंचे पाठव.

तुझा,
सर