विचारा, सांगते : पाच हजार मेल गेले, एन्क्वायरी एकही नाही

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्मी एकाच विषयावर आहेत, फॉरवर्डिंगच्या (दुसऱ्यांचा निर्यातीचा माल जहाज-विमानाने पोचवून द्यायच्या) धंद्यात गिऱ्हाईक शोधायला एआयचं टूल घ्यावं का नाही. त्यातली चार घेतलीत. नावं कोणाचीच छापत नाहीये, नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये सगळे सगळ्यांना ओळखतात.

प्रश्न : ताई, अंबडला आमचं छोटं ऑफिस आहे, फॉरवर्डिंग आणि कस्टम्स क्लिअरन्सचं. भाच्याने एआयचं मेल पाठवणारं टूल चालू केलं, ते स्वतःच कंपन्या शोधतं, प्रत्येकाला नाव घालून वेगळा मेल लिहितं आणि उत्तर नाही आलं तर चार दिवसांनी परत पाठवतं. महिन्यात पाच हजारावर मेल गेले, धड एन्क्वायरी एकही नाही, आणि आता जुन्या पार्टीला पाठवलेला प्री-अलर्टसुद्धा (माल निघाल्याची आगाऊ सूचना) तिच्या स्पॅममध्ये सापडतोय. काय करू?

उत्तर : दादा, आधी ते बंद करा, मग पुढचं वाचा.

ज्या डोमेनवरून तुमचे बीएलचे (बिल ऑफ लेडिंग, जहाजावर चढलेल्या मालाची पावती) ड्राफ्ट, प्री-अलर्ट, बिलं जातात त्याच डोमेनवरून भाच्याने अनोळखी लोकांना ढिगाने मेल सोडले, म्हणून हे झालं. गूगलने फेब्रुवारी 2024 पासून नियम कडक केलेत, जीमेलला दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या सेटिंग) तिन्ही लागतं आणि एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब द्यावं लागतं. तुमचा आकडा महिन्याचा आहे त्यामुळे तुम्ही त्या मोठ्यांच्या यादीत नाही, पण स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवा हे सगळ्यांनाच सांगितलंय, म्हणजे हजार मेलमागे तीन जणांनी वैतागून ‘स्पॅम’ दाबलं की तुम्ही काठावर आलात. तुमची वेबसाइट ज्याने केली त्याला सांगून ही तिन्ही सेटिंग तपासून घ्या, आणि पुढे कधी असे मेल पाठवायचेच झाले तर वेगळं डोमेन घ्या आणि थोडे थोडे पाठवा. जुन्या पार्टीला फोन करून ‘नॉट स्पॅम’ करायला सांगा, लाजू नका.

पण खरा घोळ वेगळाच आहे, आणि तो टूल विकणारा सांगणार नाही कारण त्याला आपला धंदाच माहीत नाही. तुमच्या पाच हजारांतले किती एक्सपोर्टर एफओबीवर माल विकतात? त्यांचं समुद्राचं भाडं पलीकडचा बायर भरतो, फॉरवर्डरही तोच ठरवतो, नॉमिनेशन येतं आणि इकडच्या माणसाने फक्त माल पोर्टला पोचवायचा असतो. अशाला तुम्ही ‘रॉटरडॅमसाठी बेस्ट ओशन फ्रेट’ लिहिलंत तर तो मेल कितीही गोड असू दे, त्याच्या हातातच ते नाही. त्याला क्लिअरन्स विका, सिन्नर किंवा गोंद्याहून जेएनपीटी बंदरापर्यंतचा ट्रेलर विका. सीआयएफवाला (समुद्राचं भाडं आणि विमा स्वतः भरणारा) असेल तरच भाड्याचं बोला, आणि एक्स-वर्क्स (कारखान्याच्या दारातच माल देणारा) असेल तर बहुतेक वेळा सगळंच पलीकडे ठरतं, तिथे तुमच्या परदेशी एजंटला कामाला लावा. एफओबी का सीआयएफ, हा एक प्रश्न फोनवर विचारून घेतला की तुमच्या यादीतली कितीतरी नावं आपोआप गळतील. हे इंटरनेटवर कुठे लिहिलेलं नसतं त्यामुळे टूलला कळायचा मार्गच नाही.

दुसरं म्हणजे वेळ. द्राक्षवाल्याला फेब्रुवारीत मेल करून काय उपयोग, तो रात्री बारापर्यंत पॅकहाऊसवर उभा असतो, प्री-कूलिंगला माल लागलाय, रीफर (थंड कंटेनर) वेळेत येतोय का ते बघतोय. ऑक्टोबर छाटणी झाली, प्लॉटची ग्रेपनेटवर (द्राक्ष निर्यातीच्या सरकारी पोर्टलवर) नोंदणी चालू झाली, तेव्हा तो यंदा किती कंटेनर जातील याचा अंदाज बांधत असतो, तेव्हा जा. निफाड-दिंडोरीकडच्या माणसाला मेलपेक्षा एक मराठी व्हॉइस मेसेज बरा, फक्त तो स्वतःच्या आवाजात पाठवा, एआयने लिहिलेलं ‘आम्ही आपणांस सर्वांगीण लॉजिस्टिक्स उपाययोजना पुरवतो’ असलं काही वाचून दाखवू नका.

कांद्याचं तर विचारूच नका. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली, 4 मे 2024 ला उठली ती 550 डॉलर किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के ड्युटी घेऊन, सप्टेंबर 2024 मध्ये ड्युटी 20 वर आली आणि 1 एप्रिल 2025 पासून गेली. अशा मालाला टूलमध्ये तीन महिन्यांचे मेल आधीच लावून ठेवले आणि मध्येच सरकारचं बंदीचं नोटिफिकेशन आलं, तर लासलगावचा व्यापारी माल चाळीत घेऊन बसलाय आणि तुमचा मेल विचारतोय ‘या आठवड्यात किती कंटेनर?’. तो तुम्हाला शिव्या देईल आणि बरोबर देईल.

भाच्याला नाउमेद करू नका, त्या पोराकडे उरक आहे. त्याला म्हणावं हेच एआय आपल्याच जुन्या मेलवर लाव. कोणाकोणाला रेट दिला आणि पुढे काहीच झालं नाही, कोणती पार्टी आधी दर महिन्याला माल पाठवायची आणि आता गप्प आहे, कोणाला तीनदा विचारूनही आपण उत्तरच दिलं नाही, अशी यादी ते भराभर काढून देतं. मग ती यादी घेऊन तुम्ही फोन करा. फक्त पार्टीची इन्व्हॉइस आणि बायरची नावं फुकटच्या टूलमध्ये टाकू नका, पैसे देऊन घेतलेला प्लॅन घ्या आणि आपला डेटा ट्रेनिंगला वापरला जाणार नाही असं त्याच्या अटींत लिहिलंय का ते बघा.

प्रश्न : मी नाशिकरोडच्या एका फॉरवर्डरकडे सेल्स डेस्कला आहे. साहेबांना हवंय की एन्क्वायरीचा मेल आला की एआयनेच रेट काढून परस्पर उत्तर द्यावं, रात्रीसुद्धा. मला भीती वाटते पण सांगता येत नाही का ते. की मीच जुन्या विचारांची आहे?

उत्तर : जुन्या विचारांची नाहीस गं, पण साहेबही अगदी चुकीचे नाहीत. आपल्या धंद्यात ज्याचं उत्तर आधी येतं त्याला काम मिळायचा चान्स मोठा. एन्क्वायरी वाचणं, त्यातून पोर्ट, कंटेनर, वजन, माल तयार कधी हे वेगळं काढणं, काय राहिलंय ते पार्टीला लगेच विचारणं, एवढं एआय चांगलं करतं आणि रात्री अकराला करतं. तिथपर्यंत बिनधास्त करू दे. रेट मात्र माणसाने बघूनच सोडायचा. साहेबांना पटवायला एक उदाहरण देते.

समज पार्टीने लिहिलंय ‘एक पॅलेट 48 x 40 x 44, वजन 140 किलो, बाय एअर फ्रँकफर्ट’. युनिट लिहिलंच नाहीये, असं रोज होतं. टूलने सेंटीमीटर धरले तर लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार 6000 ने भागून व्हॉल्यूमचं (मापावरून धरलेलं) वजन येतं 14 किलो, म्हणजे 140 चाच रेट गेला. पण 48 बाय 40 हे पॅलेटचं इंचातलं माप आहे हे तुला बघताक्षणी कळतं. इंचाचे सेंटीमीटर करून भाग, 231 किलो येतात. विमानाचं भाडं दोन्हींतल्या मोठ्या वजनावर लागतं, म्हणून चार्जेबल वजन 231 आणि कोट केलं 140 वर, म्हणजे 91 किलोचं भाडं आपल्या खिशातून, तेही एका पॅलेटमागे. आणि मेल तर इतक्या आत्मविश्वासाने लिहिलेला असतो की शंका पण येत नाही.

समुद्राच्या मालाला वेगळी गंमत. नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि लाइनर कंपन्यांनी युरोपची जहाजं सुएझ सोडून केप ऑफ गुड होपवरून फिरवली, प्रवास आठवडा-दोन आठवड्यांनी लांबला. आता एआयने इंटरनेटवर पडलेल्या जुन्या पानावरून सुएझमार्गाचेच दिवस लिहून दिले, आणि ते द्राक्षवाल्याने सुपरमार्केटला कळवले, तर काय होईल सांग. द्राक्ष थांबत नाही. ट्रान्झिट टाइम, जहाजात जागा आणि रीफर मिळेल का, हे तिन्ही त्या दिवशी लाइनला (जहाज कंपनीला) विचारूनच लिहायचं, आठवणीतून नाही, ना तुझ्या ना मशीनच्या.

‘चुकलं तर म्हणू सिस्टीमने पाठवलं’ असं साहेब म्हणाले तर त्यांना एअर कॅनडाची गोष्ट सांग. त्यांच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला भाड्याच्या सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं, कंपनी म्हणाली बॉटचं बॉट बघेल, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या ट्रिब्यूनलने सांगितलं की वेबसाइट तुमची, बॉट तुमचा, पैसे तुम्ही द्या. ते कॅनडाचं आहे, आपल्याकडे तेच लागू असं मी म्हणत नाहीये, पण तुमच्या लेटरहेडवरून रेट गेला आणि पार्टीने बुकिंग दिलं की कोर्टाच्या आधी बाजारच तुम्हाला धरतो. नाशिकमध्ये तर नक्कीच.

मधला रस्ता असा, ड्राफ्ट एआय बनवेल, रेट तुमच्याच शीटमधून उचलेल, तारीख उलटलेला रेट असेल तर थांबेल, आणि पाठवायचं बटण तुझ्याकडे. व्हॅलिडिटी, टीएचसी (बंदरात कंटेनर हाताळण्याचा खर्च) कोणाकडे, डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार) लागण्याआधीचे फ्री दिवस किती, ‘जागा लाइन कन्फर्म करेल तेव्हाच’, या चार गोष्टी प्रत्येक कोटमध्ये हव्यातच. रात्रीच्या मेलला एवढंच जाऊ दे की ‘मिळालं, वजन-मापाचं युनिट कळवा, सकाळी साडेदहाच्या आत रेट देतो’. आणि साडेदहाला खरंच दे.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर एक जण ‘जेएनपीटी एक्सपोर्टर डेटा, शिपिंग बिलासकट, नंबर-मेल सगळं’ दोन हजारात देतोय. टूलमध्ये तोच टाकायचा विचार आहे. लीगल आहे ना?

उत्तर : नका घेऊ. कस्टम्स कायद्यात 2022 च्या फायनान्स अॅक्टने 135एए हे कलम घातलंय, कस्टम्सला भरलेली मालाची किंमत, वर्गीकरण, प्रमाण, एक्सपोर्टर-इम्पोर्टरचा तपशील, हे कायद्याने परवानगी नसताना कोणी प्रसिद्ध केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. विकणारा तर अडकतोच, पण अशी फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवून तुम्ही कस्टम्सच्या दारात रोज काम करणार? शिवाय माणसांचे मोबाईल नंबर आले की 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, टप्प्याटप्प्याने लागू होताहेत.

अमेरिकेचं वेगळं आहे, तिथे समुद्रमार्गे येणाऱ्या मालाच्या मॅनिफेस्टचा (जहाजावरच्या मालाच्या यादीचा) बराचसा तपशील कायद्यानेच सार्वजनिक होतो, म्हणून तिकडचा बिल ऑफ लेडिंग डेटा विकणाऱ्या कंपन्या उघडपणे चालतात. तो घेऊन नाशिकचा माल कुठल्या अमेरिकन बायरला जातोय ते बघणं हे चांगलं काम आहे, विशेषतः वर सांगितलेल्या एफओबीच्या पार्ट्यांसाठी. मात्र तिकडे एआयच्या आवाजातले कॉल आपोआप सोडायचे नाहीत, अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी 2024 मध्ये त्याला रोबोकॉलचाच कायदा लावलाय. जर्मनीत तर कंपनीला जाहिरातीचा मेल पाठवायलाही आधी संमती लागते. आपल्याकडे प्रचाराचे कॉल साध्या मोबाईलवरून ढिगाने केले तर ट्रायच्या नियमात नंबर बंद होतो, त्यासाठी 140 ने सुरू होणाऱ्या नंबरांची सिरीज आहे.

प्रश्न : आम्ही पिंपळगाव बसवंतचे, द्राक्ष आणि बेदाणे पाठवतो. रोज फॉरवर्डरचे मेल येतात, सगळे गोड आणि सगळे सारखेच, ‘तुमच्या निर्यातीच्या प्रवासाने आम्ही प्रभावित झालो’ वगैरे. यातला खरा कोण, कसं ओळखायचं?

उत्तर : भाऊ, ते सारखे आहेत कारण सगळ्यांनी एकाच प्रकारच्या टूलमधून काढलेत. मेल कोणी लिहिला यावरून काहीच ठरवू नका, चांगला फॉरवर्डरही हल्ली एआयकडून इंग्रजी नीट करून घेतो, त्यात वावगं काही नाही. त्याला उलट मेल करा आणि विचारा : बीएल कोणाचा, लाइनचा मास्टर की तुमचा हाऊस? हाऊस असेल तर डीजी शिपिंगकडे एमटीओ (मल्टिमोडल ट्रान्सपोर्ट ऑपरेटर) रजिस्ट्रेशन आहे का, नंबर द्या. कस्टम्स ब्रोकरचं लायसन्स स्वतःचं की दुसऱ्याच्या नावावर काम चालतं? रीफर जेएनपीटीत गेटइन झाल्यावर (बंदरात शिरल्यावर) जहाज चुकलं किंवा माल पुढच्या जहाजावर गेला तर प्लग-इनचे (रीफर विजेवर चालू ठेवण्याचे) पैसे कोणाच्या माथी? डेस्टिनेशनला तुमच्या एजंटचे चार्जेस किती, आत्ताच लेखी द्या, माझा बायर नंतर माझ्यावर ओरडतो.

याला गुळगुळीत उत्तर आलं, की ‘आमची टीम आपल्या सर्व गरजा पूर्ण करण्यास कटिबद्ध आहे’, तर सोडून द्या. आकडे आले, एक-दोन गोष्टींना ‘हे लाइनला विचारून संध्याकाळी सांगतो’ आलं, आणि संध्याकाळी खरंच फोन आला, तर त्याला आधी एक बेदाण्याचा कंटेनर देऊन बघा. बेदाण्याला रीफरची घाई नसते, दोन-चार दिवस इकडेतिकडे झाले तरी निभावतं. द्राक्ष त्याच्या हातात पुढच्या सीझनला.