पुणे ते नागपूर, दोन मांजरं आणि मे महिना

मे अखेरीस पुण्याहून नागपूरला बिऱ्हाड हलतंय, सोबत चार वर्षांची भाटी आणि दोन वर्षांचा बोका, दोघंही कधी घराबाहेर न पडलेले. गाडीने न्यावं की रेल्वेने, झोपेचं औषध द्यावं का आणि नव्या घरी किती दिवस कोंडून ठेवावं, असं तुम्ही विचारलंय.

गाडीनेच न्या. रेल्वेत मांजर आपल्याजवळ ठेवायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा अख्खी केबिन आपल्याकडे हवी. टू-टायर, थ्री-टायर, स्लीपरमध्ये परवानगी नाही. मग उरतो ब्रेक व्हॅनमधला, म्हणजे गार्डच्या सामानाच्या डब्यातला पेटारा, आणि मे महिन्यात त्याचा विचारसुद्धा करू नका.

बारा तासांचा प्रवास मांजर निभावून नेतं. बिघडतं ते आधीच्या आणि नंतरच्या पंधरा दिवसांत. म्हणून कॅरिअर, म्हणजे मांजर न्यायचा पिंजरा, आजच माळ्यावरून काढा. कापडी बॅग नको. कडक प्लास्टिकचा, वरचा अर्धा भाग सुटा होणारा घ्या. घाबरलेल्या मांजराला त्यातून ओढून काढावं लागत नाही, झाकण उचललं की झालं. चार-पाच किलोच्या मांजराला साधारण ५० सेंमी लांबीचा पुरतो. आत उभं राहून वळता आलं पाहिजे. दोघं एकाच उशीवर झोपत असली तरी कॅरिअर दोन. भेदरलेलं मांजर शेजारी जो असेल त्याला ओरबाडतं.

पहिला आठवडा फक्त खालचा भाग खोलीत ठेवा, त्यात तुमची वापरलेली ओढणी किंवा बनियन, आणि रोजचं एक जेवण तिथेच. दुसऱ्या आठवड्यात झाकण बसवा, मग दार, मग दार लावून पाच मिनिटं. त्यानंतर बंद गाडीत बसवणं, इंजिन सुरू करणं, सोसायटीभोवती दहा मिनिटांची फेरी. एखाद्या पायरीला मांजर जेवायचं थांबलं तर एक पायरी मागे या.

औषधाचं म्हणाल तर ‘झोपेचं’ औषध नकोच. गुंगी आणणारी काही औषधं शरीर सुस्त करतात, भीती तशीच राहते. हल्ली पशुवैद्य बहुधा गॅबापेंटिन हे भीती कमी करणारं औषध देतात. ते निघण्याच्या दोन-तीन तास आधी द्यायचं असतं. मात्रा वजन आणि मूत्रपिंडं पाहून डॉक्टरच ठरवतील, पण त्यांच्याकडून एक डोस जास्तीचा मागा आणि आठवडाभर आधी घरी देऊन बघा. कुणी नुसतं झिंगतं, कुणी गाढ झोपतं. हे हायवेवर कळून उपयोग नाही. सराव फेरीत लाळ गळत असेल किंवा उलटी झाली तर मळमळीचं वेगळं औषध मिळतं, तेही विचारून घ्या. माणसांची गोळी मनाने देऊ नका. पॅरासिटामॉल तर मांजराला जीवघेणं आहे. त्याच भेटीत रेबीजची लस आणि लसीकरणाचं कार्ड तपासून घ्या.

सामान बांधायला माणसं येतील तो दिवस सगळ्यात धोक्याचा. सगळी दारं सताड उघडी असतात. दोघांना बाथरूममध्ये ठेवा, सोबत शी-शूचा ट्रे, पाणी, कॅरिअर, आणि दारावर ठळक कागद: ‘आत मांजरं आहेत, उघडू नका’. नुसतं तोंडी सांगून भागत नाही. गळ्यातल्या पट्ट्यावर तुमचा चालू मोबाइल नंबर तेव्हापासूनच हवा. त्यांची अंथरुणं, खाजवायचा खांब आणि चादरी धुऊ नका. आपल्याला मळलेलं वाटतं तो त्यांच्यासाठी घराचा पत्ता असतो. वापरलेलं लिटर (ट्रेमधली माती) दोन-तीन मुठी पिशवीत बांधून घ्या.

अहिल्यानगरवरून छत्रपती संभाजीनगर आणि पुढे समृद्धी महामार्ग, असं सातशेच्या आसपास किलोमीटर होतं. पहाटे चारला निघा. शेवटचं जेवण आदल्या रात्री दहाला, पाणी मात्र तोडायचं नाही. कॅरिअरमध्ये डायपर शीट, त्यावर कापड, पुन्हा शीट, पुन्हा कापड असे थर लावा. घाण झाली की वरची जोडी ओढून काढायची, मांजर बाहेर काढायला नको. जागा पुढच्या सीटच्या मागे, खाली पायाशी. मग सीट मागे सरकवून कॅरिअर हलणार नाही इतपत अडकवा. सीटबेल्ट हँडलमधून ओवून मागच्या सीटवर ठेवलेला कॅरिअर जोराच्या ब्रेकला सुटतो. वरून सुती कापड, एक बाजू हवेला उघडी.

पहिला पाऊण तास दोघंही रडतील. बोलत राहा, पण दार उघडू नका. वाटेत पिंजऱ्याची कडी उघडायची झाली तर आधी गाडीच्या सगळ्या काचा आणि दारं बंद. थांबाल तेव्हा एकजण आत, एसी सुरू. उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते. दर तीन तासांनी थोडं पाणी दाखवा; नाही प्यायली तरी चालेल, बारा तास लघवी धरून ठेवणं त्यांना जमतं. काळजी करायची ती तोंड उघडून धापा टाकायला लागली तर: एसी वाढवा, कापड काढा, पंजे आणि कान साध्या पाण्याने ओले करा, बर्फ नको. दहा मिनिटांत धाप कमी झाली नाही तर जवळचा पशुवैद्य गाठा. (आणि निघण्याआधी टायरची हवा बघा. उन्हात काँक्रीटवर टायर फुटला तर मांजरांसकट रस्त्याकडेला उभं राहावं लागेल.)

नागपुरात पोचाल तेव्हा पारा ४४-४५वर असू शकेल. सामानाचा ट्रक यायच्या आत एक खोली तयार करा, त्यातल्या त्यात थंड आणि हमालांच्या वाटेत न येणारी. आता नागपूरची खास गोष्ट: खिडकीत बसवलेला कूलर. कूलर आणि चौकट यांच्यात जी फट राहते तिला पुठ्ठा लावलेला असतो, आणि मांजर तो एका रात्रीत ढकलतं. फट प्लायवुडने बंद करा. शिवाय पहिले दोन दिवस कूलर कमी वेगावर. त्या घरघरीला दोघंही दबकतील. बाल्कनीला कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी दातांनी कुरतडली जाते, तारेची हवी.

खोलीत दोन ट्रे, शक्य असेल तर तीन, जेवणापासून लांब. नव्या लिटरवर जुनं पसरा. लपायला कॅरिअर उघडा ठेवा, पण दिवाणाचा पोकळ भाग बंद करा. आत शिरलेलं मांजर औषध द्यायलाही बाहेर येणार नाही. ओढून काढू नका. एकमेकांवर फिस्कारली तर घाबरू नका, दोघांच्या अंगाला प्रवासाचा वास असतो. मारामारी झाली तर मात्र दोन दिवस वेगळं ठेवून एकाचं कापड दुसऱ्याच्या ताटाखाली घाला.

पहिल्या रात्री जेवली नाहीत तरी चालतं. चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. उपाशी मांजराच्या, त्यातही जाड्याच्या, यकृतात चरबी साठते. बोक्याकडे वेगळं लक्ष हवं. तो वारंवार ट्रेमध्ये बसतोय, जोर करतोय आणि थेंबच येतोय, तर बद्धकोष्ठ समजून थांबू नका. ताणामुळे मूत्रमार्ग तुंबतो आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रात्र असली तरी निघा, म्हणून चोवीस तास चालणारा दवाखाना आधीच शोधून ठेवा.

खोली सोडायची तारीख नसते. ती नीट जेवतात, ट्रे वापरतात आणि शेपूट वर करून दाराशी येतात, मग पुढची खोली उघडा, रोज एक. काहींना चार दिवस लागतात, काहींना तीन आठवडे. मुख्य दार मात्र महिनाभर दोन टप्प्यांत उघडा: आधी मांजर कुठल्या खोलीत आहे ते बघायचं, मग कडी काढायची. तरी निसटलंच, तर लांब धावू नका. बिथरलेलं मांजर जवळच्याच जिन्याखाली, पाण्याच्या मोटारीच्या खोलीत, पार्किंगमधल्या गाडीखाली गप्प दडतं आणि हाकेला ओ देत नाही. मध्यरात्रीनंतर, वर्दळ थांबली की, जमिनीलगत टॉर्च फिरवा आणि चमकणारे डोळे शोधा. त्याची ओढणी आणि वापरलेला ट्रे दाराबाहेर ठेवून दार किलकिलं ठेवा, दुसरं मांजर आत कोंडून.