टाउनशिप थंड आहे की नुसती हिरवी? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही कामोठ्याला भाड्याने राहतो, वरचा मजला, मे महिन्यात रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तरी गरम लागते. आता पनवेलच्या पुढे नैनामधे (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं, सिडकोच्या नियोजनाखालचं क्षेत्र) एका नव्या टाउनशिपमधे बुकिंग करायचं चाललंय. ब्रोशरमधे सस्टेनेबल, हीट रेझिलिएंट असं सगळं लिहिलंय, गेटपासून क्लबहाउसपर्यंत पामची रांग, स्विमिंग पूल. सेल्सवाला म्हणतो बाहेरपेक्षा चार डिग्री कमीच राहील. खरं मानायचं का? – एक वाचक, कामोठे

उत्तर : अजून बिल्डिंगच उभी नाही तर चार डिग्री मोजल्या कुठे, हे आधी त्याला विचारा, काय उत्तर देतो ते मलाही कळवा.

आपल्याकडे नुसता पारा बघून भागत नाही. हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांपासून पुढे उष्णतेची लाट धरतं, पण किनारपट्टीला ३७ अंश आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त झालं तरी लाट, कारण दमट हवेत घाम सुकत नाही आणि घाम सुकला नाही की अंग थंड होत नाही. एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात भर उन्हात बसलेल्या लोकांपैकी १४ जण उष्माघाताने गेले, तेव्हाही पारा चाळिशीच्या आतच होता. म्हणून इथे दोनच गोष्टी कामाच्या, सावली आणि वारा, आणि या दोन्ही लेआउटच्या कागदावरच ठरतात, नंतर कितीही पैसे ओतले तरी फारसं काही हातात राहत नाही.

तर ब्रोशर ठेवा बाजूला. महारेराच्या (बिल्डरांच्या प्रोजेक्टची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्टचा मंजूर लेआउट असतो तो काढा, त्यावर उत्तर दिशा कुठे आहे ते आधी बघा. दुपारचा खारा वारा आपल्याकडे पश्चिम-वायव्येकडून येतो (तो ज्या दिवशी उशिरा येतो त्या दिवशी जीव नकोसा होतो), मग त्या बाजूला टॉवर एकाला एक चिकटून भिंतीसारखे उभे केलेत की मागेपुढे सरकवून मधे वाट ठेवलीये? आणि पोडियम, म्हणजे टॉवरच्या खालचा पार्किंगचा चौथरा, बघा. पार्किंगचे तीन-चार मजले चारी बाजूंनी बंद असले तर विसाव्या मजल्यावर वारा मस्त, पण खाली शाळेची बस पकडायला उभ्या मुलाला आणि वॉचमनला काहीच नाही. जुन्या सोसायट्यांचा स्टिल्ट, म्हणजे खांबांवर उचललेला उघडा तळमजला, दिसायला गबाळा, पण त्याच्यातून वारा आरपार जातो.

फ्लॅट निवडताना पश्चिमेची बेडरूम टाळा. दक्षिणेचं ऊन वरून येतं, ते छज्जा अडवतो, पश्चिमेचं तिरपं थेट भिंतीवर येतं, भिंत संध्याकाळपर्यंत पिऊन घेते आणि रात्रभर आत सोडते, वर शेवटचा मजला असला की डोक्यावरचा स्लॅबही तेच करतो, म्हणजे तुम्ही आत्ता जे भोगताय तेच. खिडक्यांचंही विचारा. इको निवास संहिता, २०१८ (घरांसाठीची केंद्राची ऊर्जा-बचतीची संहिता) मधे दमट हवेच्या भागासाठी उघडणारी जागा कार्पेट एरियाच्या १६.६६ टक्के, म्हणजे साधारण सहावा हिस्सा सांगितलीये. हिशोब अख्ख्या फ्लॅटचा असतो, पण अंदाज म्हणून १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट उघडलं पाहिजे. आणि इथेच मेख आहे, दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी कितीही मोठी असली तरी उघडते अर्धीच! काच दिसते सहा फूट, वारा येतो तीन फुटांतून. सॅम्पल फ्लॅटमधे एसी बंद करायला लावा आणि खिडकी स्वतः सरकवून बघा.

राहिला पाम. पाम म्हणजे वर चार झावळ्या लावलेला खांब, त्याच्या सावलीत मांजरसुद्धा बसणार नाही. करंज, बकुळ, ताम्हण, कडुलिंब अशी झाडं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत का ते विचारा, आणि ती खऱ्या जमिनीत आहेत का तेही, कारण पोडियमवरच्या दोन-तीन फूट मातीत लॉन आणि झुडपं येतात, मोठं झाड धरत नाही. पूलचं सोडा, पोहायला चांगला आहे.

प्रश्न : मॅडम, मी ऐरोलीला राहतो, आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. उष्णतेसाठी म्हणून नव्या वस्तीच्या डिझाइनमधे मी जैसलमेरसारख्या अरुंद गल्ल्या आणि जाड भिंती दाखवल्या, सरांनी ज्युरीत (डिझाइनच्या तोंडी परीक्षेत) पार सोलून काढलं. काय चुकलं?

उत्तर : सर बरोबर आहेत, सोलायची पद्धत काय होती माहीत नाही. जैसलमेरची हवा कोरडी, दिवसा भट्टी आणि रात्री गार, त्यामुळे जाड भिंत रात्री निवते आणि दुसऱ्या दिवशी तो गारवा पुरवते. नवी मुंबईत मे महिन्यात रात्रीही पारा फारसा उतरत नाही, मग भिंत निवणार कधी? त्यात गल्ली अरुंद आणि वळणाची केलीस की वारा पण गेला. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज जाऊन बघून ये, ऐरोलीहून लांब नाही. चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात केलेलं, सात-सात घरांच्या मधे साधारण आठ मीटरचा चौक, असे तीन घोळके मिळून आणखी मोठा चौक, आणि पावसाचा ओढा वस्तीच्या मधून वाहता ठेवलाय. बरीच घरं मालकांनी पाडून वर चढवलीत, तेही बघ. माझ्या मते चौक अजून टिकलेत ही खरी कमाल. दुपारी तीनला जा, सकाळी नको.

प्रश्न : आमची शेती नैनाच्या नगररचना योजनेत गेलीये. बांधाला लागून ओढा आहे, जून ते दिवाळी वाहतो, काठाला जुने आंबे आहेत. नकाशात तिथे सरळ गटार आणि वरून रस्ता दाखवलाय. आमचं कोण ऐकणार? – एक शेतकरी, पनवेल तालुका

उत्तर : दादा, ऐकायला लागेल असं लिहायचं. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायद्याखाली मसुदा योजना प्रसिद्ध झाली की हरकती-सूचनांना ३० दिवस असतात, पुढे लवादासमोर सुनावणीही होते. गावकीत नुसती चर्चा करून काही होत नाही. आणि 'ओढा वाचवा' एवढंच लिहिलंत तर फाइलला लागेल, म्हणून काय हवंय ते सांगा : ओढा उघडाच ठेवा, योजनेत बगिच्यासाठी जी जागा जाणारच आहे ती त्याच्या दोन्ही काठांना लांबट पट्टीने द्या, रस्ता काही मीटर सरकवा. यात कोणाची जास्त जमीन जात नाही, हे मुद्दाम लिहा. वरच्या डोंगराकडून रात्री थंड हवा अशाच घळीने खाली उतरते, ओढा बुजवून बिल्डिंगा बांधल्या की ती वाट बंद. पाण्याला जागा ठेवणं सिडकोला नवीन नाही, भरतीच्या वेळी पावसाचं पाणी धरून ठेवायला वाशी-बेलापूरकडे होल्डिंग पाँड त्यांनीच केलेत, तो दाखला जरूर द्या.

सोबत सर्व्हे नंबर, भर पावसातले ओढ्याचे फोटो, आंब्यांच्या खोडांचा घेर आणि जागा दाखवणारा हाताने काढलेला नकाशा जोडा, शेजारच्या खातेदारांच्या सह्या घ्या, आणि अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.